शेवटच्या चढाईची उजळणी

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला दोन गोष्टी सोपवल्या. एक देवघर आणि दुसरे त्यांचे दोन मुलगे. दोघे सख्खे भाऊ, जेवायला एकाच सोप्यात बसायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. बोलायचं झालं की मधे बाई लागायची. तोवर ते काम सासूबाई करत होत्या. मी आले आणि त्या सुटल्या.

"वैनी, त्याला सांगा, टाकी भरून वाहतीया," असं धाकटा म्हणायचा. थोरल्याला ते ऐकू गेलेलं असायचंच, चार हातांवर तर बसलेले. पण मी हातातली भाकरी परातीत टाकून "अहो, टाकी भरली" म्हटल्याशिवाय ते जागचे हलायचे नाहीत. मग उठायचे आणि जाता जाता म्हणायचे, "त्याला सांग, मला डोळे आहेत."

थोरले म्हणजे आमचे हे. नाव घ्यायची सवय नाही, पण घेतल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही म्हणून एकदाच घेते: जालिंदर खोत. एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक आणि रविवारी कबड्डीचे पंच. धाकटा हणमंत साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होता, पुढं त्यानं शेजारीच घर बांधलं. तरी संध्याकाळचा चहा आमच्याच सोप्यात, माझ्यामार्फत. मी शालन. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, पोरांकडून पाढ्यांची उजळणी करून घेतली. ती विद्या म्हातारपणी नवऱ्यावर वापरावी लागेल असं वाटलं नव्हतं.

भांडणाचं कारण सांगते. दोघे तरुणपणी वाळवा तालुक्यात नावाजलेले कबड्डीपटू, एकाच संघातले. गावच्या यात्रेत अंतिम सामना, गुण बरोबरीत, शेवटची चढाई यांची. यांनी समोरच्या दोघांना हात मारला आणि मधली रेषा गाठली. शिट्टी वाजली, पोरांनी यांना खांद्यावर घेतलं. हे खांद्यावरून खाली उतरले, पंचांसमोर गेले आणि म्हणाले, "माझा दम मधेच सुटला होता." चढाईत 'कबड्डी, कबड्डी' एका श्वासात म्हणत राहायचं असतं. तो दम तुटला की गडी बाद. त्या गोंगाटात पंचांना काही ऐकू आलं नव्हतं. यांनी सांगितलं नसतं तर जगात कुणाला कळलं नसतं. सामना गेला. राज्याच्या संघासाठी खेळाडू निवडायला आलेले साहेब जिंकलेल्या संघातली पोरं घेऊन गेले. हणमंताचं नाव त्यांच्या तोंडात होतं म्हणतात.

हणमंताचं म्हणणं एकच. तो मधल्या रेषेजवळ उभा होता, त्यानं कान देऊन ऐकलं होतं, दम सुटला नव्हता. "ह्येला मोठेपना पायजे हुता, वैनी." यांचं म्हणणं, "त्याला सांग, दम माझा होता. मला कळणार का त्याला?" दर वर्षी यात्रा आली की हे सगळं पहिल्यापासून व्हायचं आणि मी मान हलवत दोन्हीकडचं ऐकून घ्यायची.

तर एके दिवशी संध्याकाळी हणमंत चहाला आला आणि हे म्हणाले, "हणम्या, ये की. बस. कसा आहेस?"

थेट. मला मधे न घेता. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी शिरा केला. वाटलं, वय झालं, माणूस निवळला. हणमंत मात्र शिऱ्याला हात न लावता घरामागच्या परड्यात जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेले तर याचे डोळे भरलेले.

"वैनी, ह्येला डाक्टरला दावा. ह्यो माजा अण्णा न्हाई."

मी रागावले. आयुष्यभर भांडलात ते पोट भरलं नाही का, असं बोलूनही घेतलं. पण पुढच्या महिन्यात हे मोटरचं झाकण उघडून पाना हातात धरून उभे राहिले आणि पान्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना. तेव्हा गाडी केली आणि सांगलीला गेलो.

तिथल्या मेंदू केंद्रातल्या डॉक्टर अनघा मगदूम माझ्या मुलीच्या वयाच्या. समजावून सांगायची हातोटी अशी की शाळेत असत्या तर मुलं मधली सुट्टी विसरली असती. यांच्या डोक्यावर एक हलकी जाळीची टोपी चढवून त्यांनी भिंतीवर मेंदू उभा केला. कानामागच्या भागात काळपट डाग होते.

"काकू, चेतापेशीचा धागा फार लांब असतो," त्या म्हणाल्या. "पेशीच्या धडापासून टोकापर्यंत माल पोचवायला आत बारीक नळ्यांचे रूळ असतात. टाऊ नावाचं एक प्रथिन हे रूळ बांधून धरतं. काही माणसांत त्या टाऊवर फॉस्फेटचे कण प्रमाणाबाहेर चिकटतात. मग ते रुळावरून सुटतं, चुकीची घडी घेतं आणि अशा चुकलेल्या घड्या एकमेकींना चिकटून आत गुंता होतो. रूळ खचतात, टोकाला माल पोचत नाही, दोन पेशींमधला सांधा सुकत जातो. सांधा सुकला की त्यातली आठवण गेली."

"आणि हे पसरतं?"

"तीच तर अडचण. बिघडलेलं टाऊ शेजारच्या पेशीत शिरतं आणि तिथल्या धडधाकट टाऊलाही तशीच घडी घालायला लावतं."

वर्गात एक वात्रट मूल आलं की पंधरा दिवसांत अख्खा बाक बिघडतो, तसं, असं मी म्हटलं. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच.

औषध निघालेलं होतं. लोक त्याला 'सोडवण' म्हणतात. प्रयोगशाळेत रचलेलं एक इवलंसं प्रथिन, कण्यातून सोडायचं. ते गुंत्याच्या टोकाला बिलगतं आणि एकेक घडी उलगडत जातं. उलगडलेलं टाऊ पेशीची रोजची साफसफाई उचलून नेते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण तगलेल्या पेशी पुन्हा फांद्या काढू लागतात. डॉक्टर त्या काळाला पालवीचे दिवस म्हणत.

"आणि हेच दिवस सांभाळायचे आहेत," त्या म्हणाल्या. "पालवीत नवे सांधे भराभर जुळतात. जे वापरले जातात ते पक्के होतात, जे वापरले जात नाहीत ते पेशी स्वतःच छाटून टाकते. म्हणून रोज उजळणी. त्यांचं काम, त्यांची माणसं, त्यांचे प्रसंग. पण एक लक्षात ठेवा, या दिवसांत खोटंही खऱ्याइतकंच पक्कं होतं. ते स्वतः जसं सांगत आले, तसंच सांगा. काही गाळायचं असेल तर गाळा, तो तुमचा प्रश्न. भर मात्र घालू नका."

या उजळणीचे किस्से तोवर आमच्याकडेही पोचले होते. मिरजेच्या एका आजोबांच्या उजळणीतून घरच्यांनी पत्त्यांचा डाव गाळला, आता ते पत्ते हातात घेतले तरी हे काय म्हणून विचारतात. कवठेमहांकाळकडच्या एका सासूला सुनांनी असं काही पढवलं की ती उठता बसता दोघींची तारीफ करते. लोक हसतात. पण तिचा नवरा शेतातल्या घरात राहायला गेला आहे. ही माझी बायको नव्हे, असं म्हणतो.

"मग हे खरे परत आले की नुसते पढवलेले, ते कळायचं कसं?" मी विचारलं.

"शेवटी मी तपासते. कुणीही न शिकवलेलं काहीतरी आपणहून वर आलं पाहिजे. आलं तर जुनी मुळं जिवंत आहेत, बाकीचंही हळूहळू येईल. नाही आलं तर ते बोलतील, हसतील, तुम्हाला ओळखतील. पण ते तुम्ही शिकवलेलं असेल, तेवढंच. आणि हे औषध दुसऱ्यांदा देता येत नाही."

मला माझा नवरा हवा होता. मीच पाठांतर करून घेतलेला विद्यार्थी घेऊन मी काय करणार होते? तसे आयुष्यात पुष्कळ पाहिले.

औषध झालं, घरी आलो, उजळणी सुरू झाली. सकाळी पाने, नटबोल्ट, मोटरची खोल-बांध. दुपारी मुलीचा फोन, पडद्यावर नातवंडं. संध्याकाळी गावातून फेरी, कुणाचं घर, कुणाचा मळा. हे चांगले शिष्य निघाले. आठवड्याभरात पाना हातात बरोबर बसायला लागला. मला 'शालन' म्हणून हाक मारली तेव्हा मी उगाचच डबे पुसत बसले, म्हणजे चेहरा दिसू नये.

आता राहिलं ते भांडण. खरं सांगू? मी ते गाळायचं ठरवलं होतं. बोलणं थेट चालू झालं होतं, 'हणम्या, ये की' रोज कानावर येत होतं, मला मधली नोकरी करावी लागत नव्हती. इतक्या वर्षांनी घरात शांतता आली होती आणि ती गोड लागत होती. मी हणमंताला तसं सांगितलं.

"भावजी, तो सामना राहू द्या. यांना आठवला नाही तर कुणाचं काय अडलंय? तुमचंही भलंच होईल की."

हणमंतानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "वैनी, त्या दिशी समदं गाव त्याला खांद्यावर घिऊन नाचत हुतं. त्यो खाली उतरला. आपल्या पायानं उतरला. त्येच्यावर म्या जलमभर चिडलोय. पर त्यो उतरला म्हनून तर त्यो अण्णा. ते काढलं तर ऱ्हायलं काय? पाना फिरवनारा म्हातारा?"

डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, अशा प्रसंगाची उजळणी त्या वेळी तिथं हजर असलेल्या माणसानंच करावी. माती, उभं राहायची पद्धत, आवाज, सगळं अंगानं आलं की सांधा चांगला धरतो. म्हणजे हणमंतच. आणि मग माझ्या लक्षात आलं. तो दम सुटला की नाही, याचे साक्षीदार दोनच. एकाचं डोकं कोवळ्या पालवीत, जे सांगाल ते धरणारं. दुसऱ्याला आयुष्यभर एकच गोष्ट हवी होती, भावानं म्हणावं की दम सुटला नव्हता. आता ती त्याला नुसती सांगायची होती. आठ दिवस सांगितली की झालं.

हणमंत दुसऱ्या दिवशी फक्की घेऊन आला. परड्यात वाकून वाकून, कंबर धरत, त्यानं पांढरी रेषा मारली. यांना रेषेवर उभं केलं. यांनी काही न सांगता खाली वाकून मातीला हात लावला आणि कपाळाला नेला. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणं तसंच.

"यात्रा हाय अण्णा," हणमंत म्हणाला. "गुन बरोबरीत. शेवटची चढाई तुजी. म्हन, कबड्डी."

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी," हे म्हणू लागले. आवाज घोगरा, पाय सावकाश. दोन पावलं पुढं, हात लांब, मग मागं वळून रेषेवर. धापा टाकत उभे राहिले आणि शाळेतल्या पोरासारखं हणमंताकडं बघायला लागले. पुढं काय, असं.



"समद्यांनी तुला खांद्यावर घेतला," हणमंत म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "तू उतरलास. पंचाकडं गेलास. म्हनलास, माजा दम सुटला हुता. आनि अण्णा, दम सुटला हुता. तुजं खरं हाय."

जे शब्द ऐकायला हे इतकी वर्षं थांबले होते, ते आज यांना सांगितले जात होते आणि यांना त्यांची किंमत कळत नव्हती. हे नुसते मान डोलवत होते. "हां. सुटला होता," म्हणाले.

संध्याकाळी मी हणमंताला गाठलं. "भावजी, तुमच्या मते तर सुटला नव्हता. मग हे खोटंच सांगितलंत की."

"माज्या मतानं खोटं," तो म्हणाला. "डाक्टरीनबाई काय म्हनल्या? त्यो जसं सांगत आला तसं. डोकं त्येचं हाय वैनी, तिथं माजं मत कशाला घालू? माजं माज्याजवळ हाय." आणि फक्कीचा डबा उचलून गेला. मी त्याला आयुष्यभर हट्टी समजत आले होते. हट्टी आहेच, पण त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

रोज रेषा, रोज चढाई, रोज 'दम सुटला हुता'. भांडणाबद्दल मात्र त्यानं अवाक्षर काढलं नाही, मीही नाही. आपण इतकी वर्षं बोलत नव्हतो, हे आजारी माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? ते तेवढं आम्ही गाळलं.

तपासणीच्या दिवशी हणमंत कडक इस्त्रीचे कपडे घालून आमच्यासोबत सांगलीला आला. डॉक्टरांनी यांना खुर्चीत बसवलं, जाळीची टोपी चढवली, भिंतीवर मेंदू उजळला. काळे डाग जवळजवळ गेले होते. मी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला.

मग प्रश्न. मुलीचं नाव, नातवंडं, मोटर, यात्रेतला सामना. हे घडाघडा सांगत गेले. "मी खाली उतरलो. पंचाला म्हणालो, दम सुटला होता." डॉक्टर भिंतीकडं बघत होत्या. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण हे सगळं नव्या पालवीतलं आहे. आता थोडं मागचं विचारते."

वर्कशॉपातल्या पहिल्या साहेबांचं नाव विचारलं. आठवेना. लहानपणी दारात कोणतं झाड होतं? आठवेना. आईच्या हातचं काय आवडायचं? हे माझ्याकडं बघायला लागले, उत्तर मी देईन अशा आशेनं. मला ते माहीत होतं, जिभेवर होतं, पण बोलायची परवानगी नव्हती. वाटलं, संपलं. गोड बोलणारा, मला ओळखणारा हा माणूस मी घरी घेऊन जाणार, आणि त्याच्या आत मीच बोलत असणार.

डॉक्टरांनी हळूच खुर्ची सरकवली. "भाऊ, तुम्ही बोला त्यांच्याशी. रोज बोलता तसंच."

हणमंत पुढं झाला, यांच्यासमोर बसला. घसा साफ केला. "अण्णा, यात्रा. शेवटची चढाई. तू रेषेला आलास, पोरांनी तुला उचलला. तू उतरलास. दम सुटला हुता अण्णा, तुजं खरं हाय."

यांनी मान डोलवायला घेतली आणि मधेच थांबवली. कपाळाला आठी पडली. हणमंताकडं नीट, निरखून बघितलं. ती आठी मी ओळखली. कुणी चढाईत लबाडी केली की पंचाच्या खुर्चीतून हे असेच बघायचे. भिंतीवर एका बाजूला, आजवर अंधार होता तिथं, काहीतरी चमकलं.

हे हणमंताशी बोललेच नाहीत. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

"शालन, त्याला विचार," हे म्हणाले, "हा कधीपासून माझ्या बाजूनं बोलायला लागला?"

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "हे यांना कुणी शिकवलं होतं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "हे आम्ही मुद्दाम गाळलं होतं."

डॉक्टर नुसत्या हसल्या. हणमंतानं इस्त्रीच्या बाहीनं डोळे पुसले, नाक ओढलं, ताठ बसला. मग त्यानंही यांच्यावरून नजर काढली आणि माझ्याकडं तोंड केलं.

"वैनी, त्याला सांगा, दम सुटला न्हवता. म्या रेषेला हुतो. माज्या कानानं ऐकलंय."

"त्याला सांग, दम माझा होता."

गेले कित्येक महिने मी ही नोकरी सुटली म्हणून खूश होते. मी उठले, खुर्ची ओढली आणि दोघांच्या मधे, माझ्या जागेवर जाऊन बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला हसू आवरत नव्हतं, त्यामुळं पहिल्यांदा शब्द नीट फुटेनात. दुसऱ्यांदा फुटले.

"भावजी," मी म्हणाले, "हे म्हणतायत, दम त्यांचा होता."